पस्तिसाव्या मिनिटाला

शेवटचं गिऱ्हाईक गेलं
की मीच पडते टेबलावर, पालथी,
तोंड त्या गोल भोकात घालून,
आणि ऐकते एकेक तुकडा.
खाली दिसते नुसती फरशी, माझ्याच सपातांची टोकं
आणि तेलाचा एक जुना डाग, नकाशातल्या बेटासारखा.
संगीत निवडायचं ते इथून.
उभ्याने ऐकलेलं सगळंच बरं वाटतं.

ठेका नको. एवढं पहिल्याच वर्षी कळलं.
ठेका असला की हात त्याच्या मागे जातात
आणि पाठ राहते बाजूला.
पाखरं नकोत; मारेत विचारते, हा कुठला पक्षी,
आणि मान वर करते.
लाटाही नकोत. हाप्सालूत खिडकीबाहेरच खाडी आहे,
फेब्रुवारीपर्यंत गोठून मुकी झालेली.
तिला कशाला चिडवा?
शिवाय वाहत्या पाण्याच्या आवाजाने
निम्म्या लोकांना मध्येच उठावं लागतं.

मग उरतो सिंथेसायझरचा एखादा सूर,
राईच्या पिठासारखा
फडक्याखाली रात्रभर फुगत राहणारा.

माझा भाचा तार्मो बनवतो असले सूर,
तार्तूतल्या भाड्याच्या खोलीत,
हीटरची गुणगुण पकडून, ताणून, ताणून.
तो म्हणतो, क्युल्लीमावशी, तुला नेमकं हवंय काय?
मी म्हणते, सुरुवात अशी कर
की सुरुवात झाली हे कळू नये.
आणि पस्तिसाव्या मिनिटाला थोडा उजेड ठेव.
तेव्हा माणसं कूस बदलतात,
चादरीखाली अवघडून, पालथ्याची उताणी होतात.
इतका वेळ नुसती पाठ होती,
आता चेहरा वर येतो,
उशीच्या वळ्या उमटलेला,
आणि कुठे बघावं ते दोघांनाही कळत नाही.
उजेड त्यासाठी.

हेल्दुर दर गुरुवारी चार वाजता.
मासेमारी जहाजांवर एकतीस वर्षं रेडिओ सांभाळला,
उजवा खांदा ओंडक्यासारखा.
त्या दिवशी नवा तुकडा लावला होता.
तो कूस बदलून झाला होता, उजेडही येऊन गेला,
खांदा माझ्या अंगठ्याखाली
नुकता कुठे सैल पडत होता,
आणि एकदम दगड.

मी हात थांबवले. मग मलाही ऐकू आलं,
सुराच्या पार तळाशी काहीतरी टिचत होतं,
टिक, टिक-टिक, मध्ये लांब खंड.
(तार्मो नंतर म्हणाला, वायर खराब होती,
साफ करायचं राहून गेलं.)
टेबलाच्या कडेवर हेल्दुरचं बोट
त्याच्या मागोमाग आपटत होतं.

बदलू का, म्हटलं.
थांब, म्हणाला.
तोंड किंचित उघडं, डोळे छताला.
काय म्हणतंय?
काही नाही. अक्षरं जुळत नाहीत.
पण हात कुणाचा तरी आहे.

मग पुष्कळ वेळाने, जणू मला नव्हे, छताला सांगितलं:
आम्ही एकमेकांचे चेहरे कधी पाहिले नाहीत.
हातावरून ओळखायचो.
अमका दोन ठिपक्यांमध्ये दम खातो,
तमक्याची रेघ घसरते.
एकाचा हात एका रात्री मध्येच थांबला.
पुढे काही बोलला नाही.

मी बोलले नाही, पण माझंही तेच.
मी पाठींवरून ओळखते माणसं.
बाजारात समोरून आली तर गोंधळते.

तार्मोने आठवड्यात नवी प्रत पाठवली,
स्वच्छ, धुतलेली.
बाकी सगळ्यांना तीच लावते. चांगली आहे.
मारेत तर घोरते.

गुरुवारी चार वाजता मात्र जुनी.
उजेड येऊन जातो, आणि पाचेक मिनिटांनी
खांदा ठरल्यासारखा दगड होतो,
माझं सगळं काम पाण्यात.
बोट आपटत राहतं.
मी चादर नीट करते
आणि तोवर त्याचा डावा पाय घेते.